न धुतलेला फिल्टर: बहात्तर तासांचा घटनाक्रम

हा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. हॉट टबचं पाणी कसं बिघडतं, फिल्टर तुंबल्यावर काय होतं आणि त्यातून माणूस अतिदक्षता विभागात कसा पोचतो, हे आरोग्य खात्यांच्या तपासांतून आणि टब वापरणाऱ्यांच्या अनुभवातून पुरेसं कळलेलं आहे. तेच इथे एका कल्पित घराच्या घड्याळावर मांडलं आहे. घर नॉर्थ कॅरोलायनातलं, मराठी. मागच्या डेकवर पंधराशे लिटरचा टब. मुलाकडे सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आईवडील आलेले. वडील, म्हणजे घरातले आजोबा, सत्तरी ओलांडलेले, मधुमेही, आयुष्यभर सिगारेट ओढून आता सोडलेली. आठवडा थँक्सगिव्हिंगचा, घरी पाहुणे येणार आहेत.

बुधवार, रात्री ९. बहात्तर तास आधी

मुलगा टबचं कव्हर उचलून टेस्ट स्ट्रिप बुडवतो. मोकळं क्लोरीन ३ पीपीएम. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने हॉट टबसाठी सांगितलेली ही किमान पातळी आहे. पीएच साडेसात, म्हणजे ७.० ते ७.८ या मर्यादेत. पाणी नितळ, तळाचा दिवा स्पष्ट दिसतो. तो कव्हर लावून आत जातो.

३ पीपीएम म्हणजे एका लिटरमागे तीन मिलिग्रॅम. पंधराशे लिटरच्या टबात मिळून साडेचार ग्रॅम. सगळ्या टबाचं रक्षण करणारा माल एवढाच, जेमतेम चमचाभर. तोही गरम पाण्यात झपाट्याने संपतो. त्यामुळे तो कशावर खर्च होतो, याला फार महत्त्व येतं.

तो खर्च होतो फिल्टरवर. कार्ट्रिज म्हणजे पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडाला साडीच्या निऱ्यांसारख्या दाट घड्या घालून केलेलं नळकांडं. घड्यांमुळे लहानशा जागेत पुष्कळ कापड मावतं आणि पाणी सावकाश गाळलं जातं. या घरात ते आठ आठवडे बाहेर निघालेलं नाही. घड्यांच्या तळाशी त्वचेचा कोंडा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन साचलं आहे. आपल्या घरांत त्यात खोबरेल तेलाची भर असते, कारण डोक्याला तेल लावून टबात उतरू नये हे कोणी सांगितलेलं नसतं. पंप पाणी फिरवतो तेव्हा क्लोरीनही या गाळातूनच जातं आणि तिथेच खर्ची पडतं.

त्या तेलकट गाळावर बुळबुळीत थर धरतो. त्यात जिवाणू राहतात, जिवाणू खाणारे अमिबा राहतात आणि अमिबाच्या पोटात लेजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू वाढतो. पिण्याच्या पाण्यातून तो अधूनमधून अगदी थोड्या संख्येने येतच असतो, त्यात नवल नाही. त्याला २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. टब असतो ३९ अंशांवर. बुळबुळीत थरात आणि अमिबाच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही. स्ट्रिप पाण्याची पातळी दाखवते, थराच्या आत काय चाललं आहे ते दाखवत नाही.

बुधवार, रात्री १०. एकाहत्तर तास आधी

ही या सगळ्या घटनाक्रमातली सगळ्यात मोलाची वेळ. पाहुणे यायला दीड दिवसाहून अधिक अवकाश आहे, आणि फिल्टर नीट धुवायला एक रात्र आणि एक दिवस लागतो. आज रात्री काय व्हायला हवं होतं, ते सविस्तर सांगतो.

आधी ब्रेकरवरून टबची वीज बंद करायची. कार्ट्रिज उचलून बाहेर काढायचं. ते ज्या खोबणीत बसतं तिच्या भिंतींवरून बोट फिरवायचं. बुळबुळ लागली तर तीही पुसून काढायची. नुसतं कार्ट्रिज धुऊन घाणीच्या भांड्यात परत ठेवण्यात अर्थ नाही. मग बागेतल्या पाइपला पसरट फवाऱ्याचा नोझल लावून वरून खाली, थोडा तिरका मारा करत, एकेक घडी उघडत धुवायचं. कार्ट्रिज हळूहळू फिरवत राहायचं आणि खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. प्रेशर वॉशर वापरू नये. त्याच्या जोराने कापडाचे तंतू फाकतात आणि पुढे त्या फटींतून घाण सरळ निघून जाते. ताठ ब्रशचंही तेच. भांड्यांच्या मशीनमध्ये कार्ट्रिज घालायचं नाही.

पुष्कळ जण इथे थांबतात. नुसत्या पाण्याने केस, पानं, सुटी माती जाते, तेल जात नाही. धुतलेल्या कापडावर पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळत असतील, किंवा घड्या बोटाला मेणचट लागत असतील, तर तेल आत आहे असं समजायचं. त्यासाठी कार्ट्रिज भिजत घालावं लागतं. पूल-स्पाच्या दुकानात तेलकटपणा काढणारं फिल्टर क्लीनर मिळतं. ते डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यावं. नाहीतर वीस लिटर पाण्यात साधारण कपभर ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा भांड्यांच्या मशीनची पावडर चालते. हाताने भांडी घासायचा द्रव मात्र नको, कारण त्याचा अंश घड्यांत राहतो आणि टबात फेसच फेस होतो. कमीत कमी एक तास, आणि खरं तर रात्रभर, संपूर्ण कार्ट्रिज बुडेल असं ठेवायचं. सकाळी बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं दिसेल. त्यानंतर खळखळून धुवायचं. स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून हलवलं तर फेस येता कामा नये.

एवढं करूनही घड्यांवर पांढरा कडक थर दिसला, तर तो क्षारांचा. जड पाण्याच्या भागात हा हमखास असतो. तो ॲसिडने निघतो: एक भाग म्युरिॲटिक ॲसिड, वीस भाग पाणी, बुडबुडे थांबेपर्यंत. पण क्रम चुकवायचा नाही. आधी तेल, मग क्षार. तेल आत असताना ॲसिडमध्ये बुडवलं तर ते तेल कापडात कायमचं बसतं आणि कार्ट्रिज वाया जातं. ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, काम उघड्यावर. आणि क्लोरीनचा डबा, ब्लीचची बाटली त्या बादलीच्या आसपासही नको. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि या चुकीमुळे फिल्टर धुताना माणूस दवाखान्यात जायची वेळ येऊ शकते. कार्ट्रिज पांढरंशुभ्र व्हावं म्हणून ते ब्लीचमध्ये ठेवण्याचाही काही उपयोग नाही. त्याने डाग जातील, तेल तिथेच राहील आणि धागा कमकुवत होईल.

शेवटी वाळवणं. पूर्ण वाळल्यावर घड्यांतली उरलीसुरली बारीक धूळ सुटते आणि हलक्या हाताने झटकली की जाते. ओलाव्यावर जगणारा थरही वाळण्याने मरतो. थंडीत वाळायला वेळ लागतो. त्यासाठी माझा आग्रह असा, की प्रत्येकाने कार्ट्रिजचा दुसरा जोड घरात ठेवावा. एक टबात, एक दोरीवर. टबच्या एकूण किमतीपुढे हा खर्च काहीच नाही, आणि दुसरा जोड असला की धुणं पुढे ढकलायला कारण उरत नाही. आठवड्या-पंधरवड्याने साधं धुणं, महिन्या-दीड महिन्याने रात्रभर भिजवणं, वर्षभराने नवं. त्याआधीही टोकाच्या टोप्या तडकल्या, घड्या चपट्या झाल्या किंवा कापड पिंजल्यासारखं दिसू लागलं तर बदलायचं.

त्या रात्री यातलं काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आहे, मुलांची खोली आवरायची आहे.

गुरुवार, सकाळी ७. बासष्ट तास आधी

टबच्या पॅनेलवर तीन अक्षरं लुकलुकतात: एफ, एल, ओ. पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. पुरेसं पाणी फिरत नसताना हीटर चालू राहिला तर तो जळेल, म्हणून यंत्राने तो बंद केला आहे. या सूचनेचं सगळ्यात नेहमीचं कारण तुंबलेला फिल्टर. खात्री करायचा उपायही सोपा आहे: कार्ट्रिज काढून मिनिटभर पंप चालवायचा. सूचना गेली तर दोष कार्ट्रिजचा.

मुलगा ब्रेकर खालीवर करतो. सूचना जाते, हीटर लागतो. अडचण सुटली असं त्याला वाटतं. काही घरांत याच वेळी कार्ट्रिज काढून ठेवून टब तसाच चालवला जातो. ते आणखी वाईट, कारण मग गाळ थेट पंपात आणि हीटरमध्ये जातो.

शुक्रवार, संध्याकाळी ६. सत्तावीस तास आधी

पाहुणे आले आहेत. टबात दोन मोठे आणि चार मुलं. कोणी आधी अंग धुतलेलं नाही. साबणाने नुसती झटपट अंघोळ करून उतरलं तर घाम, तेल, लोशन यांतलं पुष्कळसं बाहेरच राहतं. पाहुण्यांना तसं सांगायला यजमान संकोचतात. तासाभरात जेट्सच्या तोंडाशी पांढरट फेस जमतो आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो.

“क्लोरीन जास्त झालंय वाटतं,” पाहुणे काका म्हणतात.

उलट आहे. तो वास क्लोरामाइन्सचा, म्हणजे घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडलं जाऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा. मोकळं क्लोरीन संपत आल्याची ती खूण. साडेचार ग्रॅमच्या साठ्यात सहा माणसं उतरली, पाणी गाळणारा फिल्टर आधीच भरलेला. दुसरं काय होणार? आत्ता स्ट्रिप बुडवली असती तर मोकळ्या क्लोरीनचा चौकोन जवळजवळ पांढरा राहिला असता. हॉट टबची तपासणी दिवसातून दोनदा आणि गर्दी असेल तेव्हा त्याहून जास्त वेळा करावी असं सीडीसी सांगते, ते अशाच संध्याकाळसाठी.

टबात फेसनाशक ओतलं जातं. फेस बसतो.

शुक्रवार, रात्री ११. बावीस तास आधी

कव्हर लागलं आहे. आत ३९ अंशांचं पाणी, अंधार, भरपूर अन्न आणि जवळपास शून्य क्लोरीन. इथून पुढे जे होतं ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या घड्यांत आणि जेटच्या नळ्यांत दबून असलेला थर मोकळा वाढतो. एका अमिबात शिरलेले लेजिओनेला वाढत जातात, शेवटी अमिबा फुटतो आणि ते पाण्यात येतात. त्यांच्या सोबतीला स्यूडोमोनास नावाचे जिवाणू असतात, आणि त्यांना तर अमिबाचीही गरज नाही.

शनिवार, सकाळी १०. अकरा तास आधी

पाहुण्यांच्या धाकट्या मुलीच्या पोटावर आणि कमरेवर, नेमकं स्विमसूट होता तिथे, लाल बारीक पुरळ उठलं आहे. खाजतं आहे.

“घामोळं असेल,” आजी म्हणतात आणि पावडर लावतात. साताऱ्याच्या उन्हाळ्यात हे निदान बरोबर ठरलं असतं. नोव्हेंबरच्या थंडीत, टबात बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ओल्या कपड्याखाली उठलेलं पुरळ हे बहुतेक वेळा स्यूडोमोनासचं असतं. ते केसांच्या मुळांशी होतं आणि बहुधा आठवडाभरात आपोआप जातं. त्या मुलीला त्याने मोठा धोका नाही. पण त्या पुरळाचा अर्थ एवढाच निघतो की टबात जंतुनाशक उरलेलं नाही. घरातल्या प्रत्येकाने टबाकडे धावायला हवं ती ही वेळ.

टबाकडे जातो फक्त मुलगा. पाणी किंचित गढूळ दिसतं म्हणून तो त्यात क्लॅरिफायर घालतो. क्लॅरिफायर बारीक कणांचे मोठे पुंजके करतो, म्हणजे ते फिल्टरमध्ये अडकावेत. हे औषध धुतलेल्या फिल्टरसाठी आहे. तुंबलेल्या फिल्टरवर त्याने आणखी एक थर चढतो.

शनिवार, संध्याकाळी ५. चार तास आधी

आता टब चार तासांत सुरक्षित करता येत नाही. लेजिओनेलाची शंका असलेल्या टबासाठी सीडीसीने दिलेली पद्धत लांब आहे: पाणी काढायचं, आतला भाग घासायचा, फिल्टर बदलायचा, टब पुन्हा भरून क्लोरीन २० पीपीएमपर्यंत चढवायचं आणि दहा तास तिथेच राखायचं. वरून मूठभर क्लोरीन टाकून लगेच पाण्यात उतरणं म्हणजे उपाय नव्हे.

पण अनर्थ टाळणं मात्र अजून पूर्ण शक्य आहे. पंप बंद, कव्हर बंद, कव्हरचे बकल कुलूपबंद. “आज टब बंद आहे” हे चार शब्द पाहुण्यांना सांगितले की झालं. मुलं थोडी हिरमुसतील. एवढाच तोटा.

शनिवार, रात्री ९. शून्य

आजोबा टबात उतरत नाहीत. गरम पाण्याने रक्तदाब खाली जातो, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली आहे. ते शाल पांघरून टबाशेजारी खुर्चीवर बसतात. नातवंडं जेट्स पूर्ण जोरात लावतात.

पाण्यावरची वाफ निरुपद्रवी असते; वाफेबरोबर जिवाणू वर येत नाहीत. येतात ते थेंबांबरोबर. जेट पाण्यात हवा घुसळतात, बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक फुटण्यातून अतिसूक्ष्म तुषार उडतात. पाच मायक्रॉनहून लहान तुषार हवेत तरंगत राहतात, श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत जातात. तिथे आपल्या ज्या पेशी जंतूंना गिळतात, त्यांच्याच आत लेजिओनेला अमिबात वाढतो तसा वाढतो.

पाण्यात न उतरलेल्या माणसाला हा आजार कसा होईल, अशी शंका घेणाऱ्यांनी बोवेनकार्स्पेल आठवावं. नेदरलँड्समधल्या या गावात १९ ते २८ फेब्रुवारी १९९९ या काळात फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. सत्त्याहत्तर हजारांहून अधिक लोक येऊन गेले. शेजारच्या दालनांत घरगुती वस्तूंची विक्री होती आणि तिथे नमुना म्हणून चालू हॉट टब ठेवले होते. त्यांत आंघोळ कोणीच करणार नव्हतं. लोक फक्त शेजारून गेले, काही जण बघत उभे राहिले. तपासात १८८ रुग्ण मोजले गेले, मृतांचा आकडा किमान ३२ धरला जातो. एका टबाच्या पाण्यात सापडलेला लेजिओनेला आणि रुग्णांच्या शरीरातला लेजिओनेला जनुकीय तपासणीत एकच निघाला.

वीस वर्षांनी हेच नॉर्थ कॅरोलायनात घडलं. फ्लेचर इथल्या माउंटन स्टेट फेअरमध्ये, ६ ते १५ सप्टेंबर २०१९ या दिवसांत, विक्रीसाठी मांडलेल्या टबांच्या दालनातून लोक गेले. १३६ जण आजारी पडले, ९६ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, चौघे गेले. जत्रेच्या उत्तरार्धात आलेल्यांत रुग्ण जास्त होते. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या एका दुकानात २०१२ साली मांडलेल्या टबामुळे दोघांचा जीव गेला आणि त्या दुकानाला २०१६ मध्ये दहा लाख पौंड दंड झाला.

साडेनऊला आजोबा उठून आत जातात. त्यांना काहीही झालेलं नाही.

त्यानंतर

हा आजार लगेच दिसत नाही, बहुधा दोन ते चौदा दिवसांनी दिसतो. बोवेनकार्स्पेलच्या रुग्णांत तर एकोणीस दिवसांपर्यंत लांबलेली उदाहरणं आहेत. तोवर पाहुणे परत गेलेले असतात, टबाचं पाणी बदललेलं असतं, टब कोणाच्या मनातही नसतो.

सहाव्या दिवशी आजोबांना थंडी वाजून ताप येतो, स्नायू दुखतात, कोरडा खोकला सुरू होतो. पोट बिघडतं. सातव्या दिवशी ते असंबद्ध बोलू लागतात, सुनेला तिच्या सासूच्या नावाने हाक मारतात. न्यूमोनियात अशी भ्रमिष्ट अवस्था आणि जुलाब एकत्र दिसले तर डॉक्टरांना लेजिओनेलाची शंका यायला हवी. पण त्यासाठी कोणीतरी टबाचा उल्लेख करायला हवा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं इथे चालत नाहीत, कारण जिवाणू पेशीच्या आत लपलेला असतो. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन लागतं. लघवीच्या तपासणीतून निदान लवकर होतं, मात्र ती तपासणी लेजिओनेलाचा सगळ्यात नेहमीचा एकच प्रकार पकडते. म्हणून ती निगेटिव्ह आली तरी कफाची तपासणी मागावी. लेजिओनेलाचा हा न्यूमोनिया, म्हणजे लेजनेअर्स, झालेल्या दहांतला साधारण एक माणूस दगावतो. वयस्कर, धूम्रपान केलेले, मधुमेही यांना धोका अधिक, आणि आपल्याकडून परदेशी मुलांकडे राहायला जाणारे आईवडील बहुधा याच वर्गातले असतात.

१९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर २२१ जण आजारी पडून ३४ जण मेले, तेव्हा कारण कोणालाच कळत नव्हतं. सीडीसीच्या जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी १९७७ च्या जानेवारीत तो जिवाणू शोधून काढला. आज तो जिवाणू माहीत आहे, त्याला काय मानवतं तेही माहीत आहे आणि टबात त्याला थारा मिळू नये यासाठी लागणारी साधनं एक बादली, बागेतला पाइप, क्लीनरचा एक डबा, क्लोरीन आणि टेस्ट स्ट्रिप एवढीच आहेत.

तुमच्या घरी टब असेल तर आज रात्री कार्ट्रिज काढून भिजत घाला. लोणावळा-अलिबागला जकूझीचा बंगला शनिवार-रविवारसाठी घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी विचारा: फिल्टर शेवटचा कधी धुतला, आणि क्लोरीन कोण, कधी तपासतं? सोबत टेस्ट स्ट्रिपचं पाकीट न्या आणि पाण्यात उतरण्याआधी स्वतः बुडवून बघा. मोकळं क्लोरीन तीनच्या खाली असेल, तर जेट्स लावू देऊ नका आणि घरातल्या वयस्करांना त्या टबाजवळही बसवू नका. आणि टबाजवळ गेल्यानंतर दोन आठवड्यांत कोणाला ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत टबाबद्दल सांगा.